कागदावरची रेघ पुसणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण कुंभारकाम करणाऱ्या आमच्या अप्पांचा अपमानही चारचौघांतच झाला होता.

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरच्या मातीची ओळख या भागात कुणाला करून द्यावी लागत नाही. इथली कौलं कितीतरी घरांवर चढली, खादी आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था इथेच उभी राहिली. या मातीत जन्म घालवलेल्या अप्पांपुढे मागे शहरातून आलेल्या मंडळींनी छापील चित्रं ठेवली आणि ‘हुबेहूब असंच पाहिजे’ म्हणून बजावलं. लांब, पातळ कानांची भांडी होती ती. टिकणार नाहीत असं अप्पा सांगत राहिले, कुणी ऐकलं नाही. आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, उघडला तेव्हा बरेच कान सुटून पडले होते. त्यावर सगळ्यांसमोर त्या मंडळींनी ऐकवलं, “तुमची मातीच खराब आहे.” जाताना अप्पांच्या हातांचे फोटो मात्र भरपूर काढून नेले. अप्पांनी त्यानंतर नवीन काही घडवायचं सोडूनच दिलं. माठ, चुली, गणपती, बेंदराचे बैल, एवढंच.

तुम्ही आलात तेव्हा मण्णेत्तिन अमावास्या, म्हणजे मातीचे बैल पूजायचा सण, तोंडावर आलेली, दारात बैल वाळत होते. नुकतंच डिझाइनचं शिक्षण संपवून आलेली मुलगी, हातात वही, आणि वहीत दह्याचं मडकं, त्याला पुन्हा तेच बारीक कान! माझ्या पोटात गोळा आला. अप्पांनी चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, “बाळ, ह्यो कान टिकत न्हाई. अंगाच्या आधी वाळतोय, मग सुटतोय.”

तुम्ही वाद घातला नाहीत. ‘बघू या’ असंही म्हणाला नाहीत. पिशवीतून खोडरबर काढलंत आणि अप्पांच्या डोळ्यांसमोर तो कान पुसून टाकलात. मग अप्पांचं वाक्य समासात जसंच्या तसं लिहून घेतलंत, ‘न्हाई’ला ‘नाही’ न करता. आणि विचारलंत, “मग धरायचं कुठं, अप्पा?”

अप्पांनी चाकावरच्या ओल्या मडक्याला दोन्ही बाजूंनी अंगठे दाबून दाखवले. आज त्या मडक्याची पकड तीच आहे. हात ओला असला तरी भांडं निसटत नाही. झाकण उलटं केलं की वाटी होते, ती कल्पना तुमची. माती पाणी पिते, ते बाहेरून उडून जातं, म्हणून आतलं दही गार आणि घट्ट राहतं, हे तर आमच्या आजीलाही माहीत होतं. पण ते गिऱ्हाइकाला चार शब्दांत सांगणारं लेबल आमच्याकडे कधी नव्हतं.

लेबलाबद्दल बोलायलाच हवं. आधीच्या छापखान्याने आमचं मराठी कोपऱ्यात दडपलं होतं आणि कन्नडची ओळीखाली उतरणारी जोडाक्षरं कापली होती. दोन्ही भाषांची हेळसांड. तुम्ही ओळींमध्ये दोन्ही लिप्यांना पुरेशी जागा दिलीत, शिरोरेघेवरच्या मात्रांना वर आणि कन्नडच्या त्या जोडाक्षरांना खाली. दोन्हींचं वजन डोळ्यांना सारखं दिसेपर्यंत अक्षरं लहानमोठी करत बसलात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच हवेत, यावर अडून राहिलात. १९५६ पासून भाषेच्या प्रश्नाने पोळलेल्या या पट्ट्यात दोन्ही भाषांना एवढ्या आदराने वागवलेलं लेबल मी पाहिलं नव्हतं. शेजारच्या कन्नड अक्कांनी ते आपणहून मोठ्याने वाचून दाखवलं.

चहा घेताना तुम्ही अप्पांना सांगितलंत, की चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याची वाखाणणी केली होती, आणि १९६१ साली अहमदाबादला डिझाइनची राष्ट्रीय संस्था सुरू झाली ती त्याच अहवालातून. लोटा कुणा एकाने नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडवला, हे त्यांनी ओळखलं होतं. अप्पा त्या रात्री जेवताना तेच तेच सांगत होते. सकाळी आम्ही उठायच्या आत ते चाकावर बसले होते.

शिकलेल्या माणसाने न शिकलेल्या माणसाचं ऐकून आपली रेघ पुसणं, एवढी सभ्यता मी फार थोड्या लोकांत पाहिली आहे. आमच्या बाजारात, कचेरीत, शाळेत अशी माणसं भेटली असती तर कितीतरी हातांनी काम सोडलं नसतं.

एक तक्रार आहे. तुम्ही अजून बिल पाठवलेलं नाही. अप्पांना ते पटलेलं नाही, मलाही नाही. मडकी विकली जात आहेत, त्यात तुमच्या कामाचे पैसे आहेत. आणि हे पत्र वाचून कुणा कारागिराला, दुकानदाराला या ताईंकडून काम करून घ्यावंसं वाटलं, तर मला सांगा, निरोप पोचवतो. फक्त ‘मुलगी नवीन आहे, फुकट करेल’ या हिशेबाने येऊ नका.

तुमचा,
खानापूरच्या अप्पांचा थोरला मुलगा