नाव छापू न देणाऱ्या रेक्टरबाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

कादंबरीच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही सरळ "नको" म्हणालात. ज्या मुलींच्या गोष्टी तुम्ही सांगितल्या त्या आता पन्नाशीकडे झुकल्यात, त्यांचे संसार आहेत, तुमच्या नावाचा माग काढत कुणी त्यांच्या दारात जायला नको. ते मला पटलं, पण आभार मानल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून तुमचं नाव आणि शाळेचं नाव दोन्ही बाजूला ठेवून हे पत्र लिहिते आहे.

माझं सगळं आयुष्य बडोद्यात, दांडिया बाजारात गेलं. शाळा सुटली की घर, घरी आजी. वसतिगृह मी बाहेरूनच पाहिलेलं. आणि लिहायला घेतली पाचगणीच्या निवासी शाळेतली गोष्ट: दहावीतली रेवा, तिच्याच वर्गातला कबीर, आणि दोघांचं चोरून जमलेलं प्रेम. तुम्ही निवृत्त होऊन भावाकडे बडोद्याला आलात आणि सयाजीरावांनी 1910 साली सुरू केलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात आपली गाठ पडली, हे माझं मोठं नशीब.

त्यानंतर तुमच्या ओट्यावर बसून मी किती ऐकलं! हॉस्टेलमध्ये प्रत्येकाला एक नंबर असतो आणि तो रुमालापासून चादरीपर्यंत शिवलेला असतो, हे तुमच्याकडून कळलं. रेवाच्या धुऊन आलेल्या गाठोड्यात एकशे बारा नंबरचा रुमाल निघतो, तिचा स्वतःचा नंबर सत्तेचाळीस, आणि तिथून माझी कथा चालायला लागली. रविवारी घरी पत्र लिहायची सक्ती, पाकीट न चिकटवता रेक्टरकडे द्यायचं, बाहेरून आलेली पत्रंही आधी तिथेच फोडली जायची. मग मुलं वाटा शोधायची. घरून ये-जा करणाऱ्या मुलांच्या दप्तरातून पत्रं बाजारातल्या पेटीत पडायची. ग्रंथालयात चिठ्ठी कवितांच्या पुस्तकात कधीच नसायची, ते सगळे चाळतात. ती असायची गणिताच्या जुन्या गाइडात. आणि जेवणघरातलं तुमचं निरीक्षण तर मी जसंच्या तसं उचललंय: मुलांच्या टेबलाकडे सारखी बघणारी मुलगी काळजीची नसते, जी अचानक बघायची थांबते तिच्यावर लक्ष ठेवायचं.

कथा 1994 सालात ठेव, असा तुमचा आग्रह होता. मोबाइल नव्हते, एवढंच त्यामागे नव्हतं. 2012 च्या पॉक्सो कायद्यानंतर अठरा वर्षांखालच्या मुलांमध्ये शारीरिक संबंध आल्याचं कळलं तर, त्यांची संमती असो वा नसो, शाळेला पोलिसांना कळवावंच लागतं. त्यामुळे आजच्या रेक्टरला नुसती चिठ्ठी सापडली तरी पुढे काय वाढून ठेवलंय याचीच धास्ती आधी वाटते. कथेतल्या रेक्टरला मात्र रेवाला खोलीत बोलावून, दार लावून, "बस, आधी पाणी पी" म्हणण्याइतकी सवड मिळाली. ते वाक्य तुमचंच आहे, बाई.

पण मला खरं ऋण मानायचंय ते वेगळ्याच गोष्टीचं. पहिला खर्डा वाचून तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत, आणि मग विचारलंत, "चिठ्ठ्या नेणाऱ्या मुलीचं पुढे काय होतं?" ती मुलगी म्हणजे मीनल. तुम्ही सांगितलंत की अशा प्रत्येक जोडीमागे एक तिसरी असते. ती पहारा देते, हजेरीला मैत्रिणीच्या जागी "हजर" म्हणते, खोटं बोलते. प्रकरण उघडकीला आलं की जोडीतल्या दोघांना न्यायला आईवडील येतात, पोरंपोरी त्यांच्या गोष्टी रंगवून सांगतात. तिसरीला न्यायला कुणी येत नाही. तिचं मन कुणाजवळ मोकळं होणार? तुमच्या एका मुलीनं जेवण सोडलं होतं, अंगात तापही नव्हता, तरी तुम्ही तिला आजाऱ्यांच्या खोलीत ठेवून घेतलंत, एक शब्द न विचारता तिच्या उशाशी स्वेटर विणत बसलात. तिसऱ्या दिवशी ती आपणहून बोलली.

त्या स्वेटरसकट ते प्रकरण पुस्तकात आहे. कादंबरी तिथे उभी राहिली असं मी मानते. निम्मं पुस्तक आता मीनलचं आहे. आपल्याकडे कुमारांना साहसकथा देताना हात आखडत नाही, पण सोळाव्या वर्षी मनात काय उसळतं यावर लिहायचं म्हटलं की मोठी माणसं कचरतात. तुम्ही कचरला नाहीत. त्या वयाच्या प्रेमाला तुम्ही कधी थिल्लर म्हटलं नाहीत आणि उगाच डोक्यावरही घेतलं नाहीत, हे मी तुमच्याकडून शिकले.

आमच्याच गल्लीतली, इंग्रजी माध्यमात शिकणारी एक मुलगी आजीच्या मदतीनं पुस्तक वाचून आली. मराठी अडखळत वाचते. रेवा-कबीरचं तिनं काही विचारलं नाही. "मीनलला नंतर कोणी मैत्रीण मिळाली का?" एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मीनलची पुढची गोष्ट लिहायला घेतली आहे. ती शाळेतच राहते, अकरावीत जाते. खाडा न करता ओट्यावर येईन, वाचून दाखवीन. तुमचे गुडघे बरे असतील तर त्या मुलीलाही घेऊन येते, तिला तुम्हाला भेटायचंय.

तुमची कायमची ऋणी,
दांडिया बाजारातली लेखिका