दारू सुटल्यावरही जे सुटले नव्हते, ते मला दाखवणाऱ्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचे बाळाला लस द्यायला उपकेंद्रात गेलेल्या शेजारणीकडून कळले. तुम्हाला भेटून निरोप घेता आला नाही. हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केले ते आमच्या मूल तालुक्यातील आणखी चार बायांपर्यंत पोहोचावे, असे मला मनापासून वाटते.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली. तिच्या मागणीसाठी २०१० साली चिमूरहून पायी नागपूरच्या अधिवेशनावर गेलेल्या बायांबद्दल मला आजही आदर आहे. पुढे चोरटी दारू गावात येतच राहिली आणि २०२१ मध्ये बंदीही उठली. या सगळ्या काळात माझ्या घरचे दुखणे म्हणजे फक्त दारू, असे सासर-माहेरच्या प्रत्येकाने मला ऐकवले. शेवटी माझ्या नवऱ्याची दारू व्यसनमुक्ती केंद्रात सुटली. ते सोपे नव्हते आणि त्याचे श्रेय मी त्यांना मनापासून देते. पण माझ्या रोवणीच्या मजुरीचा रुपया न् रुपया मोजून घेणे, मोबाईल तपासणे, बहिणीशी बोलले म्हणून दिवसच्या दिवस अबोला धरणे, आणि माहेरी जाते म्हटले की धानावर फवारायच्या औषधाची बाटली हातात घेऊन पोरांसमोर उभे राहणे, हे सारे पूर्ण शुद्धीवर सुरूच राहिले.

मी हे ज्यांना सांगितले, त्यांचे उत्तर ठरलेले होते. ‘आता त पेत नाही ना थो, मंग कायचा तरास तुले?’ तंटा मिटवायला बसलेल्या गावातील मोठ्या माणसांनी चहा घेतला, नवऱ्याच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली आणि मला ‘आता तूच सांभाळून घे’ असे सांगून ते उठून गेले. पोरांसमोर दाखवलेल्या बाटलीबद्दल एकानेही त्यांना जाब विचारला नाही. हे मी विसरलेले नाही आणि विसरण्याचे मला कारणही दिसत नाही.

उपकेंद्रात मी डोके दुखते म्हणून आले होते. तुम्ही रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि झोप लागते का, एवढेच विचारले. नंतर एका रविवारी तुम्ही मला तुमच्या क्वार्टरवर बोलावून लॅपटॉपवर जो चित्रपट दाखवला, तो राक्षसाचा निघेल असे मला वाटले नव्हते. ‘कोलॉसल’ नावाचा, नाचो विगालोंदो या स्पॅनिश दिग्दर्शकाचा, २०१६ सालचा तो इंग्रजी चित्रपट तुम्ही प्रत्येक प्रसंगाला थांबवून मराठीत समजावून सांगत होता. त्यातील ग्लोरिया स्वतःच दारूच्या आहारी गेलेली असते, तिचा मित्र तिला घराबाहेर काढतो आणि ती आपल्या जुन्या गावी परतते. तिथल्या मुलांच्या मैदानात ती सकाळी ठराविक वेळी उभी राहिली की तिकडे दूर कोरियातल्या सेऊल शहरात एक अजस्र राक्षस उभा राहतो आणि ती हात हलवेल तसा हात हलवतो. नशेत ती तिथे पडते आणि तिकडे माणसे चिरडून मरतात.

गावात तिला लहानपणीचा मित्र ऑस्कर भेटतो. तो आपल्या बारमध्ये तिला काम देतो, तिच्या रिकाम्या घरात आधी टीव्ही आणि मग इतर सामान आणून देतो. तेव्हा मी म्हणाले, ‘किती चांगला माणूस आहे.’ तुम्ही काहीच बोलला नाहीत. पुढे तोच ऑस्कर तिला सांगतो की, तू गाव सोडलेस तर मी मैदानात जाईन आणि सेऊलची माणसे पायाखाली तुडवीन, कारण त्या मैदानात तो उभा राहिला की सेऊलमध्ये त्याचाही एक प्रचंड यंत्रमानव उभा राहत असतो. माझे हात गार पडले. तेव्हा तुम्ही रजिस्टरच्या निळ्या शाईने माखलेले बोट कळीवर ठेवून चित्रपट मागे नेला आणि सामान आणून देण्याचा तोच प्रसंग पुन्हा लावला. ना एक शब्द बोललात, ना माझ्या तोंडाकडे पाहिलेत. दारूच्या नशेत ज्याने मारले होते आणि शुद्धीत ज्याने मला साडी आणली होती, त्याला मी त्या वेळी पहिल्यांदा एकच माणूस म्हणून पाहिले.

मॅडम, ते बोट मला सगळ्या उपदेशांपेक्षा मोठे वाटते. मला उपदेश करणारे पुष्कळ होते, पण मी माझ्या डोळ्यांनी पाहीपर्यंत माझ्यासोबत थांबणाऱ्या तुम्हीच.

ग्लोरियाकडूनही मी पुष्कळ घेतले. आपल्यामुळे माणसे मेली हे कळल्यावर ती कोरियन अक्षरे शिकून घेते, जमिनीवर लिहून त्या शहराची माफी मागते आणि दारूपासून दूर राहू लागते. ऑस्करही माफी मागतो, पण तिच्यावरची पकड सोडत नाही. ग्लोरियाने शाळेसाठी तयार केलेले काम त्याने लहानपणीच पायाखाली चिरडले होते, हे तिला आठवते, आणि त्या लहान वयात तर दारूचा एक थेंबही त्याच्या पोटात नव्हता. या एका प्रसंगाने माझ्या मनातली वर्षानुवर्षांची गाठ सुटली. दारूने माझ्या घरात नासधूस केली हे खरे, पण दुसऱ्याला धाकात ठेवण्याची हौस दारूच्याही आधीची होती, आणि ती सोडवायला कोणतेच केंद्र पुरेसे नव्हते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसाच म्हटले आहे, हे तुम्ही मला त्यानंतर सांगितलेत, आधी नाही. आधी सांगितले असते तर मी घाबरून उठून गेले असते.

शेवटी ग्लोरिया स्वतः सेऊलला जाते. ती तिथे उभी राहिली की राक्षस तिच्या गावात ऑस्करसमोर उभा राहतो. त्याच्यापासून इतके दूर गेल्यावरच त्याला थांबवण्याइतकी ताकद तिला येते. मी सेऊलला गेले नाही, सिंदेवाहीला मावशीकडे गेले, पोरांना तिथल्या शाळेत घातले आणि शिलाई मशीनवर काम धरले. पुढचे सारे रीतसर सुरू आहे. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखे काही नाही.

तुमच्या नोकरीत मला चित्रपट दाखवणे बसत नव्हते. रविवारी तुम्ही आराम केला असता तरी तुम्हाला कोणी बोल लावला नसता. गावोगावी अशा काही बाया आणि काही पुरुषही असतात, जे आपल्या कामाची हद्द संपल्यावरही थोडा वेळ खुर्ची ओढून बसतात. त्यांची नावे कोणत्याही फलकावर लागत नाहीत, पण आमच्यासारख्यांची घरे त्यांच्याच भरवशावर तगून असतात, हे मी आता पोरांनाही सांगते.

एक विनंती आहे. तो चित्रपट पेनड्राइव्हमध्ये घालून पाठवता आला तर पाठवावा. बचत गटातील दोघीजणींना तो दाखवायचा आहे. त्यांच्यापैकी एकीचा नवरा पीत नाही, म्हणून तिचे कोणी ऐकत नाही.

तुमची ऋणी,
सिंदेवाहीहून एक शिलाईवाली