पहाटे ४ वाजता ऑनलाईन

सोन्या,

काल पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी तू व्हॉट्सॲपला ऑनलाईन दिसलास, परवा पण पावणेचारला. आता म्हणशील पप्पा पाळत ठेवतात का काय. नाही रे, मला त्या टायमाला आपोआप जाग येते, तुझ्यामुळंच लागलेली सवय, तू हॉस्टेलला गेलास पण ती काय गेली नाही. फोनवर म्हणालास सबमिशन होतं. सबमिशनवाला माणूस बोलता बोलता मधेच दम खातो होय?

तुझी छाती कायम पहाटेच वाजायची. दिवसभर पोरगं ग्राउंडवर हुंदडतंय आणि ४ वाजता कॉटवर उठून बसतंय, हात गुडघ्यावर टेकलेले, खांदे वर, ती शिट्टी मला हॉलमधे ऐकू यायची. लोक म्हणायचे नाटकं करतंय, दिवसा तर चांगलं असतंय की. आम्हाला पण काय कळायचं नाही. मग मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पहाटे सगळ्यांच्याच श्वासनळ्या जरा आवळतात, सूज दाबून ठेवणारं कॉर्टिसोल रात्री अंगात कमी असतं, चांगल्या माणसाला ते जाणवत पण नाही पण दमेकऱ्याला तेवढंच पुरतं. त्यात आपण आडवे, नाक उशीत, आणि उशी-गादीत डोळ्याला न दिसणारे धुळीतले किडे. आणि आपल्याकडं तर २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई घरातच आलेली, पाणी उतरलं तरी भिंतीची ओल किती महिने हटली नाही, आणि आम्ही शहाण्यांनी तुझी कॉट नेमकी त्या काळ्या बुरशीच्या भिंतीला लावलेली. मी पण यार्डातनं आलो की हळदीनं माखलेल्या शर्टावर तसाच तुला जवळ घ्यायचो. अजून वाईट वाटतं बघ.

कोजागिरीला खिरीतलं औषध द्यायला नेलेलं आठवतंय का? अट काय तर रात्रभर झोपायचं नाही. ज्या पोराची झोपच होत नाही त्याला मुद्दाम जागं ठेवायचं. आता हसू येतं, पण आजीला सांगू नको.

तर मुद्दा असा की निळा पंप मारला, ५-१० मिनिटात मोकळं वाटलं, परत झोपलो, विषय संपला असं तू धरतोस. संपत नाही. निळा तेवढ्यापुरती नळी मोकळी करतो, आतली सूज उतरवायचं काम रोजच्या पंपाचं. डॉक्टर विचारायचे ना, गेल्या ४ आठवड्यात दम्यानं रात्री जाग आली का? तू खुशाल नाही म्हणायचास आणि तुझी आई मागनं बोटं दाखवायची. तिथं पुण्यात बोटं दाखवायला कोण नाही, एकदा जरी जाग आली असली तरी तुझं तूच सांगायचं. लेक्चरला डुलक्या, चिडचिड, काही लक्षात राहत नाही म्हणतोस, ते अभ्यास जड आहे म्हणून असेलच असं नाही, झोपच तुकड्या तुकड्यानं होतीय तुझी.

रात्री ११ ला मिसळ हाणून लगेच आडवा पडू नको, ॲसिडिटी वर आली की खोकला उठतो. आणि निळ्यानं फरक पडेना, वाक्य पुरं बोलता येईना, तर रूममेटला हलवून उठव आणि सरळ हॉस्पिटल गाठ, त्याची झोपमोड होईल बिईल बघत बसू नको. मला फोन नंतर केलास तरी चालेल, मी जागाच असतो.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. आई उशीचे अभ्रे आणि चादरी कढत पाण्यात धुऊन देतीय, जुन्या काढून ठेव, त्या मी घेऊन जाईन. रोजचा पंप पण समोर काढून ठेव. १२० पफचा आहे, १ तारखेला सकाळी चालू केलास, सकाळी २ रात्री २, रविवारी १८ तारीख, म्हणजे सकाळचे धरून मागच्या काउंटरवर ५० दिसले पाहिजेत. आणि हवेत उडवून आकडा जुळवू नको, दहावीत तू तेच केलेलंस, मला माहितीय.

पप्पा