44 पेट्या सफरचंदं

सांगली,
रविवार, रात्री साडेनऊ

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर तू दोन गोष्टी सांगितल्यास. पहिली, तिकडे अमेरिकेत तुमच्या जॉर्जिया टेक कॉलेजने 1916 साली कुणा कंबरलँड कॉलेजला फुटबॉलमध्ये 222-0 असं हरवलं. हे सांगताना तू इतकी खदखदून हसत होतीस की बाबा आतून विचारायला आले, काय झालं म्हणून. दुसरी गोष्ट तू जाता जाता सांगितलीस. तुमच्या हॉस्टेलच्या मुलींची ती कमरेला पट्ट्या लावून खेळायची टीम चारही मॅच हरली, म्हणून पाचवीला तुम्ही गेलाच नाहीत. "काय उपयोग होता, आई?" म्हणालीस.

पहिल्या गोष्टीवर मीही हसले. दुसरीवर काही बोलले नाही. 31 वर्षं शाळेत पीटी शिकवलेली बाई अशा वेळी गप्प बसते म्हणजे तिला बरंच काही बोलायचं असतं, हे तुला माहीत आहे. फोनवर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

आठवडाभर रोज संध्याकाळी मी त्या 222 च्या मागे लागले होते. बाबांचा चष्मा लावून, कारण माझा सापडत नव्हता. तुमचा तो अमेरिकन फुटबॉल आधी समजून घ्यावा लागला. नाव फुटबॉल, पण चेंडूला पाय लागतो तो केव्हातरी. बाकी सगळी रेटारेटी. पण 222 शोधता शोधता मला भलतंच काही हाती लागलं, तुमच्याच कॉलेजचं, आणि त्याच्या 13 वर्षं आधीचं. ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. जिंकलेल्याचा आकडा सगळ्यांना पाठ असतो.

1903 साली तुमच्या टेकच्या टीमची अवस्था अगदी केविलवाणी होती. आठपैकी पाच सामने हरले. त्यातला 17 ऑक्टोबरचा सामना होता शेजारच्या साउथ कॅरोलिनातल्या क्लेमसन कॉलेजशी. तिथे ते 73-0 असे हरले. हा 73 आजच्यापेक्षा जड आहे बरं का. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार गेलं की, सहा नाही, पाचच गुण मिळायचे, तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकावं लागायचं, आणि चेंडू पुढे फेकायला बंदी होती. म्हणजे यातला जवळजवळ एकेक गुण क्लेमसनच्या पोरांनी टेकच्या पोरांना चेंगरून, त्यांच्या अंगावरून जाऊन मिळवलेला. डोक्याला चामड्याची टोपी घातली तर घातली, सक्ती नव्हती. तो खेळच तेव्हा असा होता की 1905 च्या एका हंगामात 18-19 मुलं दगावली, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यानंतर 1906 मध्ये चेंडू पुढे फेकायची परवानगी मिळाली. (त्याच वर्षी इकडे पुण्यात डेक्कन जिमखाना सुरू झाला, आणि 1914 मध्ये त्यांनी आपल्या खो-खोचे नियम बसवायला घेतले. हे उगीचच सांगितलं. मला अशा जोड्या लावायला आवडतं.)

आता सफरचंदांची गोष्ट. त्याच्या आदल्या आठवड्यात क्लेमसनने जॉर्जिया विद्यापीठाला 29-0 असं हरवलं होतं. जॉर्जियावाले अथेन्सचे, तुम्ही अटलांटाचे, म्हणजे भाऊबंदकीच. आपण 29 ने हरलो याचं दुःख होतंच, पण टेकवाले आपल्यापेक्षा कमी फरकाने हरले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, याचं जास्त. म्हणून त्यांनी म्हणे क्लेमसनला कबूल केलं, की टेकला 29 च्या वर जितके गुण ठोकाल तितकी बुशेल सफरचंदं आमच्याकडून. बुशेल म्हणजे साधारण आपल्या मार्केट यार्डातली एक पेटी. हिशेब कर. 44 पेट्या! हे वाचून मी एकटीच हसत बसले. दुसऱ्याची फजिती व्हावी म्हणून पदरचे पैसे घालणारी माणसं मला वाटायचं फक्त आपल्या सोसायटीत आहेत.

त्याच्याही आदल्या वर्षी, 1902 मध्ये, याच क्लेमसनने टेकला असंच बनवलं होतं अशी गोष्ट सांगतात. सामन्याच्या आदल्या दिवशी क्लेमसनची टीम सामानसुमान घेऊन अटलांटात उतरली आणि रात्रभर धिंगाणा घालत बसली. टेकवाले खूश. उद्या ही झोपाळू पोरं काय खेळणार म्हणून त्यांनी पैजा लावल्या. सकाळी कळलं की रात्री धिंगाणा घालणारी ती राखीव पोरं होती. खरी टीम लुला नावाच्या लहानशा गावात मुक्काम करून, गाढ झोपून, ताजीतवानी आली होती. निकाल 44-5.

या सगळ्यामागचं डोकं होतं क्लेमसनच्या कोचचं. जॉन हाइझमन. तुम्हा लोकांकडे दरवर्षी सगळ्यांत चांगल्या कॉलेज खेळाडूला ज्याच्या नावाची ट्रॉफी देतात, तोच. शिकलेला वकील, उन्हाळ्यात नाटकात कामं करायचा, आणि तोंडाने फटकळ. चेंडू हातातून निसटण्यापेक्षा लहानपणीच मेलेलं बरं, असं तो पोरांना सांगायचा म्हणे. माझ्या शाळेत मी हे बोलले असते तर दुसऱ्या दिवशी पालकसभा भरली असती.

आणि आता ऐक, रेवा, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. 73-0 झाल्यावर टेकच्या लोकांनी काय केलं? पंचांना शिव्या दिल्या असतील, दिल्याच असतील. पण मग त्यांनी ज्याने आपल्याला चिखलात लोळवलं त्या हाइझमनलाच गाठलं आणि म्हणाले, तू आमच्याकडे ये. वर्षाला 2,250 डॉलर पगार आणि घरच्या सामन्यांच्या तिकिटविक्रीतला 30 टक्के वाटा. त्या काळात हे बरेच पैसे होते. तो आला. 1904 मध्ये टेकने आठ सामने जिंकले, एक हरले, एक बरोबरीत सुटला. बरोबरी कुणाशी? क्लेमसनशी, 11-11.

हे वाचलं आणि मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा आमचा खो-खोचा झोनचा सामना आठवला. तुला मी या टीमबद्दल सांगितलंय, पण नेहमी शेवटच्या वर्षाबद्दल. दुसऱ्या वर्षी आम्ही एक डाव आणि 9 गुणांनी हरलो. आमच्या पहिल्या तिघी मैदानात गेल्या आणि मी पुढच्या तुकडीसाठी बुटाची नाडी बांधेपर्यंत दोघी बाद होऊन परत. मैदानाबाहेर आमच्या कॉलेजची 40-50 पोरं घोषणा द्यायला आलेली, ती हळूहळू चहाला गेली. आम्ही बसने परत आलो तेव्हा कुणी बोलत नव्हतं. सुमनमावशीने डबा उघडला नाही. तिची धपाटी मी खाल्ली, हे तिने अजून विसरलेलं नाही.

आमची कॅप्टन मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सायकल काढून त्या जिंकलेल्या कॉलेजच्या मैदानावर गेली. त्यांच्या सरांना म्हणाली, सर, आम्हाला शिकवाल का? ते म्हणाले, या. पण आमच्या मुलींच्या वेळेच्या आधी, साडेपाचला. आम्ही गेलो. पहिले तीन आठवडे त्यांनी आम्हाला पळूच दिलं नाही. फक्त बसवलं. कसं बसायचं, खो मिळाला की कोणता पाय आधी उचलायचा, उठताना हात कुठे टेकायचा. आमची नऊजणींची रांग पहाटेच्या अंधारात उठाबशा काढते आहे आणि बाजूने त्यांच्या मुली बूट घालता घालता बघताहेत. ती लाज अजून कानात आहे, गरम. पण मी रोज गेले. पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्याकडूनच पुन्हा हरलो. पण डाव वाचवला. दोनच गुण कमी पडले. सर आमच्या बाजूला येऊन उभे राहिले होते शेवटच्या मिनिटाला, आणि त्यांच्या मुली चिडल्या होत्या त्यांच्यावर.

असो. तुझ्या 222 कडे येते, कारण ते अर्धंच सांगितलंस.

1916 च्या वसंतात कंबरलँडने टेकला बेसबॉलमध्ये 22-0 हरवलं होतं. त्यांनी पैसे घेऊन खेळणारे लोक टीममध्ये घुसवले होते असा संशय, आणि टेकचा बेसबॉलचा कोचही हाइझमनच. त्याच्या ते मनात राहिलं. दरम्यान टेनेसीतल्या लेबनन गावातल्या त्या कंबरलँडने आपली फुटबॉलची टीम बंदच करून टाकली. पण टेकशी सामन्याचा करार आधीच झालेला. आले तर 500 डॉलर मिळणार, नाही आले तर 3,000 डॉलर दंड. हाइझमन सोडायला तयार नाही. मग जॉर्ज अ‍ॅलन नावाच्या एका विद्यार्थी मॅनेजरने मित्र, कायद्याच्या वर्गातली पोरं, जो हो म्हणेल तो, अशी डझन-दीड डझन मंडळी गोळा केली. नॅशव्हिलला गाडी थांबली तेव्हा तिघे उतरले ते परत चढलेच नाहीत असं सांगतात. उरलेले 7 ऑक्टोबरला तुमच्या ग्रँट फील्डवर उभे राहिले.

सामन्याच्या पहिल्या पाव भागात 63, दुसऱ्यात 63. मध्यंतरालाच 126. हाइझमनने तेव्हाही आपल्या पोरांना बजावलं म्हणे, गाफील राहू नका, यांच्या बाह्यांमध्ये अजून काय लपलंय सांगता येत नाही. उत्तरार्धात वेळ कमी केली तरी 54 आणि 42. एकूण 32 टचडाउन. एक गंमत अशी सांगतात की कंबरलँडच्या एकाच्या हातून चेंडू निसटून दुसऱ्याच्या पायाशी गेला. पहिला ओरडला, उचल! दुसरा म्हणाला, तूच उचल, तूच पाडलास. मला हे खरं वाटतं. समोरून तशी दांडगी पोरं धावत येताना कोण उचलेल?

हाइझमनचं मला काही पटलेलं नाही. वर्तमानपत्रवाले नुसत्या गुणांच्या बेरजेवरून टीमची लायकी ठरवतात, ते किती फोल आहे हे त्याला दाखवायचं होतं असंही लिहिलेलं वाचलं. असेल. पण 63 ला दाखवून झालं होतं. पुढचं सगळं बेसबॉलचं उट्टं. माझ्या शाळेतल्या एखाद्या सरांनी असं केलं असतं तर मी त्यांच्याशी महिनाभर चहा घेतला नसता. ज्याला 1903 मध्ये टेकवाल्यांनी हरून, मान खाली घालून बोलावून आणलं, त्याला 13 वर्षांनी समोरच्याच्या खाली घातलेल्या मानेचं काही वाटू नये, हे मला लागलं. पण त्याच माणसाने 1917 मध्ये तुमच्या कॉलेजला देशात पहिल्या नंबरवर नेलं, हेही खरं. माझा राग धरून बसायचा कार्यक्रम इथे जरा अडखळतो.

आणि तो जॉर्ज अ‍ॅलन. तो पुढे ट्रूमन आणि आयझेनहॉवर या राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीतला माणूस झाला. पण मला तो आगगाडीतच दिसतो, डबाभर वैतागलेली पोरं घेऊन निघालेला, तिघे कमी झालेत हे मोजणारा.

रेवा, तुमच्या पाचव्या मॅचबद्दल मला एकच विचारायचं आहे. समोरच्या मुली आल्या होत्या का? तुम्ही येणार नाही हे त्यांना आधी कळवलं होतंत का, की त्या थंडीत मैदानावर उभ्या राहून वाट बघत होत्या? तू हे काही सांगितलं नाहीस, आणि मला तेवढंच खुपतंय. चार मॅच हरलात याचं मला काही नाही. आमच्या घरात एक डाव आणि 9 गुणांची परंपरा आहे.

कळवलं नसेल तर त्यांच्या कॅप्टनला फोन कर. जिंकल्या त्यांना, म्हणजे पहिल्या चार टीममधल्या ज्या सगळ्यांत चांगल्या होत्या त्यांनाही कर, आणि त्या कुठे सराव करतात ते विचार. फार तर नाही म्हणतील.

पार्सल बुधवारी निघेल. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, आणि बाबांनी हट्टाने घातलेला गुडघ्याचा पट्टा. तो तुला नको असेल तर ठेवून दे, टाकू नकोस, त्यांनी दुकानात तीन वेळा बदलून घेतलाय. धपाटी टिकणार नाहीत म्हणून घातली नाहीत.

फोन कर. तू कॅप्टनशी बोलल्यावर, त्याच्या आधी नको.

तुझी,
आई