बेक्ताशी म्हणजे सरसकट अल्बेनियन मुस्लिम नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्बेनियाची राजधानी तिराना इथे बेक्ताशी या सूफी पंथाचे छोटे स्वतंत्र राज्य, म्हणजे ‘मुस्लिम व्हॅटिकन’ होणार, ही बातमी आपल्या परराष्ट्र पानावर वाचली. सोबतचे छायाचित्र मात्र चार मिनारांच्या नमाझगाह मशिदीचे होते. ती सुन्नी मशीद, तुर्कस्तानच्या पैशातून उभी राहिलेली आणि २०२४ मध्ये खुली झालेली. बातमी बेक्ताशींची, आणि बेक्ताशी जमतात ते तेक्क्यात, म्हणजे दर्विशांच्या मठात. चूक छायाचित्रापुरती असती तर पत्राचा खटाटोप केला नसता; पण मजकुरातही ‘अल्बेनियन मुस्लिम’ आणि ‘बेक्ताशी’ हे शब्द आलटून पालटून आले आहेत.

२०२३ च्या जनगणनेत अल्बेनियात सुन्नी ४५.८६ टक्के, बेक्ताशी ४.८१ टक्के. २०११ मध्ये हेच आकडे ५६.७० आणि २.०९ होते. म्हणून बेक्ताशी दुप्पट झाले असे लगेच समजू नये. २०२३ मध्ये सुमारे १४ टक्के लोकांनी ‘श्रद्धा आहे, पंथ नाही’ असे सांगितले आणि जवळपास १६ टक्क्यांनी उत्तरच दिले नाही. शिवाय कोसोव्हो आणि उत्तर मॅसेडोनियातले अल्बेनियन, जे बहुतांश सुन्नी आहेत, ते या मोजणीत येतच नाहीत.

अल्बेनियात तलवारीच्या जोरावर झटक्यात धर्मांतर झाले, हा समजही टिकत नाही. क्रुया १४७८ मध्ये आणि श्कोडर १४७९ मध्ये उस्मानी (ऑटोमन) सत्तेकडे गेले, पण मोठे धर्मांतर मुख्यतः सतराव्या शतकातले. त्याची कारणे बरीचशी वसुलीच्या वहीत सापडतात. लढायांचा खर्च वाढला तसा जिझिया वाढला. व्हेनिस-ऑस्ट्रियाशी संधान बांधणाऱ्या कॅथलिकांवर दरबाराची खप्पामर्जी झाली. डोंगरातल्या गावांना पाद्री मिळेनासे झाले. जिझिया पुरुषांवरच होता. म्हणून कित्येक घरांत पुरुष मुस्लिम झाले आणि बायका ख्रिस्ती राहिल्या. काही जण चारचौघांत मुस्लिम नाव लावत आणि घरात ख्रिस्ती रीत पाळत. अशांना ‘लारामान’ म्हणत, म्हणजे बहुरंगी.

बेक्ताशींचा इतिहास वेगळाच. उस्मानी सुलतानांच्या जॅनिसरी पायदळाशी जोडलेला हा सूफी पंथ. १८२६ मध्ये सुलतान दुसरा महमूद याने ते सैन्य मोडले तेव्हा पंथावरही बंदी आली. दक्षिण अल्बेनियात तो तग धरून राहिला. १९२५ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने तेक्के बंद केले आणि पुढे मुख्य पीठच तिरानाला आले. अली आणि बारा इमामांना मानतात म्हणून त्यांना ‘शिया’ म्हणून मोकळे होता येत नाही. दीक्षा, बाबा (तेक्क्याचे प्रमुख) आणि दर्विश यांची उतरंड आणि मद्याला मज्जाव नसणे हे इराणी उलेमांच्या पचनी पडणारे नाही. बाबाच्या पांढऱ्या टोपीच्या पाकळ्या मोजाव्यात, बारा भरतात. मोहरमच्या मातमात बेक्ताशी साधे पाणी पीत नाहीत, करबल्यात हुसेन तहानलेले गेले म्हणून. (त्याच तहानेच्या आठवणीने आपल्याकडे सबील, म्हणजे फुकट पाण्या-सरबताची पाणपोई लागते, हा उलटा हिशेब गमतीचा.) मातम सरला की गहू, साखर, सुका मेवा आणि दालचिनी घालून ‘हाशुरे’ नावाची खीर रटरटते आणि शेजारीपाजारी वाटली जाते.

१९६७ चा उल्लेख बातमीत एका ओळीत उरकला आहे. एन्वर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीने तेव्हा सगळेच धर्म बंद केले. मशिदी, चर्च, तेक्के पाडले, नाहीतर गोदामे-व्यायामशाळा केल्या. तिरानातली एथेम बे मशीद वाचली ती सांस्कृतिक वारसा म्हणून. तिच्या भिंतींवर झाडे, पूल आणि धबधबे रंगवलेले आहेत, मशिदीत सहसा न दिसणारे. १८ जानेवारी १९९१ रोजी हजारो लोक परवानगीविना तिच्यात शिरले. मात्र २३ वर्षांत मौलवींची एक पिढीच घडली नव्हती. ती पोकळी तुर्की आणि अरब पैशाने व तिकडे शिकून आलेल्या तरुणांनी भरली. जुन्या हनफी (सुन्नींतला एक न्यायसंप्रदाय) वळणाशी त्यांचे खटके उडतात ते यातूनच.

सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान एदी रामा यांनी जाहीर केलेले बेक्ताशी राज्य सुमारे २७ एकरांचे, व्हॅटिकनच्या पाव. घोषणा झाली म्हणजे राज्य झाले असे नव्हे. मध्ये कायदा लागतो. पुढची बातमी देताना बेक्ताशी जागतिक केंद्र आणि सुन्नींचा ‘अल्बेनियाचा मुस्लिम समुदाय’ या दोन स्वतंत्र संस्था आहेत, हे ध्यानात असावे. छायाचित्र घ्यायचेच तर बेक्ताशींचे प्रमुख बाबा मोंदी यांचे घ्यावे, बारा पाकळ्यांच्या टोपीसकट.

आपला,
एक वाचक, सांगली