उपाशी राहूनही साखर १६० कशी?

महोदय,

लॅबमध्ये रक्त काढण्यातच माझी सगळी नोकरी सरली. आदल्या रात्री जेवण टाळून आलेले काका रिपोर्ट पाहून हमखास चिडायचे, ‘‘काही खाल्लंच नाही, मग १६० कशी?’’ दोष अर्थातच मशीनचा!

रात्रभर आपलं यकृत ग्लुकोज रक्तात सोडत असतं. इन्सुलिन त्याला आवर घालतं. टाइप २ मधुमेहात यकृत आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. साखर रक्तातच साठते, पेशींना पुरेशी मिळत नाही. म्हणून साखर चढलेली असूनही माणूस गळून जातो. त्यात मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी झोपलात, तर साखर ७० च्याही खाली घसरू शकते.

दोन दिवस भात-चपाती सोडून रिपोर्ट ‘सुधारणारे’ही पाहिले. एचबीए१सी या रक्तचाचणीपुढे ही हुशारी चालत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तोवर तिच्या हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटत राहतं. मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब त्यात येतो. (अॅनिमिया असेल तर मात्र हा आकडा चुकू शकतो.)

आपल्या आरोग्य पुरवणीत कारल्याच्या रसाला मिळते, निदान तेवढी जागा याला द्यावी.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, कराड