एका पिक्सेलचे तीन मार्क

संपादक महोदय,

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी आम्हाला कॉम्प्युटर ग्राफिक्स होतं, इनसेम म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा ३० ची, एंडसेम म्हणजे शेवटची ७० ची आणि लॅबचे मार्क वेगळे. एंडसेमला ६ मार्कांचा प्रश्न आला, (२,३) पासून (१०,८) पर्यंत ब्रेझनहॅमच्या अल्गोरिदमने रेघ काढा, म्हणजे स्क्रीनवरचे मधले पिक्सेल (ठिपके) कुठले येतात त्याचा टेबल करा. मला ३ मिळाले. फोटोकॉपी मागवली तर एकाच ओळीला लाल गोल, मी (६,५) लिहिलं होतं आणि हवं होतं (६,६), आणि त्याच्या खालचे सगळे पॉइंट बरोबर असून तिथून पुढे एक टिक नाही.

हे जरा नीट सांगते कारण सगळं इथेच आहे. या रेघेवर एक्स ६ असताना वाय बरोब्बर ५.५ येतो. म्हणजे रेघ दोन पिक्सेलच्या अगदी मधून जाते, वरचा घ्या नाहीतर खालचा, फरक दोन्हीकडे अर्ध्याचाच. पी, म्हणजे पुढचा पिक्सेल वरचा की खालचा हे ठरवणारा आकडा, त्याची किंमत शून्य आली की वर चढायचं हे पुस्तकाने आपलं ठरवून घेतलंय, आणि मी पेपरात लिहिलंही होतं की इथे बरोबरी आहे म्हणून खालचा पिक्सेल घेतेय. घरी येऊन पुस्तकातलाच प्रोग्राम चालवला, आधी तो डावीकडूनच जायचा म्हणून एक्स आणि वाय वाढवायच्या जागी कमी करायला लावले आणि सुरुवात (१०,८) पासून केली, बाकी नियम तोच. आला (६,५)! बाकीचे सगळे पिक्सेल जसेच्या तसे. झूम करून स्क्रीनशॉट काढून ठेवला पण रीव्हॅलच्या (पुन्हा तपासणीच्या) फॉर्मला असलं काही जोडता येत नाही, फी भरली आणि दोन महिन्यांनी नो चेंज आलं.

मी पास झालेय, ३ मार्कांसाठी भांडत नाहीये. आणि ज्या सरांनी पेपर तपासला त्यांच्यावरही राग नाही, त्यांच्यापुढे गठ्ठा असतो आणि हातात मॉडेल आन्सर, ते तरी काय करणार. पण ब्रेझनहॅमने हा अल्गोरिदम १९६२ मध्ये आयबीएममध्ये असताना प्लॉटरसाठी केला, की मशीनला अपूर्णांकांच्या भानगडीत न पडता नुसत्या बेरजा-वजाबाक्यांवर रेघ काढता यावी. मशीनने करायचं काम आम्ही पेनने टेबल आखून करतो आणि मार्क त्या टेबलचे, रेघ दिसली का हे कोणी बघतच नाही.

लॅबमध्ये तरी बघतात का? प्रॅक्टिकलला चिठ्ठी उचलायची, सिनिअर्सच्या पेनड्राइव्हमधून आलेला कोड आठवून टाईप करायचा, एक्स्टर्नल ओरलला व्याख्या विचारतात, जर्नलवर सह्या पूर्ण असल्या की टर्मवर्क, म्हणजे सेमिस्टरभराच्या कामाचे मार्क, व्यवस्थित पडतं. माझ्या मैत्रिणीचा फ्लड फिल (आकृती आतून रंगवायचा प्रोग्राम) छोट्या चौकोनाला चालायचा आणि मोठ्याला प्रोग्राम बंद पडायचा. तीन दिवस ती त्याच्या मागे होती, मग लक्षात आलं की फंक्शन स्वतःलाच इतक्या वेळा बोलावतंय की मेमरीतली स्टॅकची, म्हणजे अर्धवट राहिलेली कामं लक्षात ठेवायची, जागा संपतेय, म्हणून तिने स्वतःचा स्टॅक लिहून तो प्रोग्राम सरळ केला. ओरलला तिला विचारलं पिक्सेलचा फुल फॉर्म काय. ती गडबडली, मार्क गेले. त्या तीन दिवसांचा एक मार्क मिळाला नाही तिला, आणि मला विचाराल तर आख्ख्या बॅचमध्ये ग्राफिक्स तिलाच कळलं होतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षणालाही एका मोठ्या परीक्षेपेक्षा सततचं मूल्यमापन हवं म्हटलंय. मग या विषयात ७० मार्क काही तासांच्या कागदाला कशाला? निम्मे तरी मार्क वर्षभराच्या असाइनमेंटना द्या, आणि त्या कॉपी होतात ही भीती असेल (होतातच, खोटं कशाला बोलू) तर डेमोला बसवून समोर एक ओळ बदलायला सांगा, ही रेघ उलटीकडून काढ, हा पॉलिगॉन आतून रंगव. ज्याने स्वतः लिहिलंय तो पाच मिनिटांत करेल आणि ज्याने पेनड्राइव्हमधून आणलंय त्याला काय बदलायचं तेच सापडणार नाही. शिक्षक कमी आहेत, बॅचेस मोठ्या आहेत हे मला माहितेय, पण एका मुलाला दहा मिनिटं सेमिस्टरमधून दोनदा, एवढा वेळ आज जर्नलवर सह्या करण्यातही जातोच की.

आणि हे सगळं व्हायला वेळ लागणार असेल तर निदान मार्किंग स्कीम रिझल्टबरोबर सगळ्यांना दाखवा, आणि फोटोकॉपीसोबत मुलांना दोन ओळी लिहून द्यायची सोय करा. आमच्या ज्युनिअर्सचा हाच पेपर या हिवाळ्यात आहे. जिथे पी शून्य येतो तिथे दोन्ही पिक्सेलला पूर्ण मार्क, एवढी एक ओळ त्यांच्या मॉडेल आन्सरमध्ये गेली तरी चालेल मला.

– एक विद्यार्थिनी, थर्ड इयर कॉम्प्युटर